स्प्रेडशीटमध्ये अराजक: वैज्ञानिक संगणनाची पहिली पायरी

वैज्ञानिक संगणन शिकायचं म्हटलं की नवखा माणूस आधी प्रोग्रॅमिंगची भाषा निवडायला बसतो आणि तिथेच अडकतो. माझा सल्ला वेगळा आहे. भाषा नंतर येऊ दे. आधी संगणकातल्या संख्या कशा वागतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यासाठी एक मुक्त स्प्रेडशीट आणि तासभर वेळ पुरतो. या लेखातला प्रयोग पूर्ण केलात तर एकाच समीकरणाची गणिताच्या दृष्टीने तंतोतंत सारखी असलेली दोन रूपं संगणकावर वेगवेगळी उत्तरं देताना दिसतील. फरक सोळाव्या अंकात नसेल, पहिल्याच अंकात असेल. हे का होतं हे समजलं की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर वापरताना तुम्ही अधिक सावध आणि अधिक धीट व्हाल.

एक सूचना आधीच देतो. इथे सूत्रं, अक्षरं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. ‘बी२’ म्हणजे बी या स्तंभातलं दुसऱ्या ओळीतलं घर.

साहित्य

लिब्रेऑफिस हा मुक्त सॉफ्टवेअर संच उतरवून घ्या. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते आधीच असतं. विंडोज आणि मॅकसाठी थेट अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, ‘फ्री डाउनलोड’ची मोठमोठी बटणं लावलेल्या तिसऱ्याच ठिकाणांहून नको. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था सांभाळते आणि त्याचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, कोणालाही वाचता येतो. ही शेवटची गोष्ट मी उगीच सांगत नाही, पुढे तिचा उपयोग होणार आहे. लिब्रेऑफिसमधला कॅल्क, म्हणजेच आपली स्प्रेडशीट, उघडा आणि कोरी शीट समोर ठेवा.

शीटची मांडणी

आपलं समीकरण एका ओळीचं आहे. शून्य ते एक यांमधली एक संख्या घ्यायची, एकातून ती वजा करून उरणाऱ्या बाकीने तिला गुणायचं आणि आलेल्या गुणाकाराला आर या स्थिर संख्येने गुणायचं. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करायचं. एखाद्या प्राण्यांची संख्या पिढ्यानपिढ्या कशी बदलते याचं हे अगदी साधं प्रतिरूप आहे: संख्या कमी असेल तर ती वाढते, फार झाली तर अन्न पुरत नाही आणि ती घटते.

एफ१ या घरात ४ लिहा. हा आपला आर. पहिली ओळ शीर्षकांसाठी ठेवा: ए१ मध्ये फेरी, बी१ मध्ये पहिलं रूप, सी१ मध्ये दुसरं रूप, डी१ मध्ये फरक. मग ए२ मध्ये ०, आणि बी२ व सी२ या दोन्ही घरांत ०.३ भरा.

तिसऱ्या ओळीत सूत्रं येतात:

ए३: =ए२+१
बी३: =$एफ$१*बी२*(१-बी२)
सी३: =$एफ$१*सी२-$एफ$१*सी२*सी२
डी३: =एबीएस(बी३-सी३)

बी आणि सी यांतली सूत्रं शाळेतल्या बीजगणिताने एकच आहेत. कंस सोडवला की पहिल्यातून दुसरं मिळतं. डॉलरच्या चिन्हामुळे सूत्र खाली उतरवताना एफ१ चा पत्ता बदलत नाही. नवखे लोक इथेच सर्वाधिक चुकतात, म्हणून ती चिन्हं पुन्हा एकदा तपासा.

आता शीटच्या वर डावीकडे घराचा पत्ता दाखवणारी छोटी चौकट आहे, तिच्यात ए३:डी१०२ असं लिहून एंटर दाबा. ती सगळी घरं निवडली जातील. मग कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबा. तिसऱ्या ओळीतली सूत्रं शंभराव्या फेरीपर्यंत खाली उतरतील. माउसने ओढत जाण्यापेक्षा ही रीत कितीतरी बरी, विशेषतः पुढे हजार ओळी करायच्या असतील तेव्हा.

अजून एक गोष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. बी, सी आणि डी हे स्तंभ निवडून ‘फॉरमॅट’ मेनूतल्या ‘सेल्स’मध्ये जा आणि दशांश स्थळं १५ करा. स्प्रेडशीट मुळात मोजकेच अंक दाखवते, आणि आपल्याला जे पाहायचं आहे ते न दिसणाऱ्या अंकांतच दडलेलं असतं.

काय दिसतं

सुरुवातीला दोन्ही स्तंभ हातात हात घालून चालतात. ०.८४, ०.५३७६, ०.९९४३४४९६, मग घसरून ०.०२२४९२ च्या जवळ. डी स्तंभात शून्यं. थोडं खाली उतरलात की तिथे दशांशाच्या शेपटाला अंक उगवू लागतात. ते एकेक स्थळ डावीकडे सरकतात, आणि साधारण पन्नासाव्या फेरीच्या आसपास बी आणि सी यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. एकात ०.९ असेल तर दुसऱ्यात ०.१ असू शकतं.

हे आलेखावर अधिक ठसठशीत दिसतं. बी आणि सी स्तंभ निवडून ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘चार्ट’ घ्या, प्रकार ‘लाइन’ ठेवा. एकावर एक बसलेल्या दोन रेषा अचानक सुट्या होतात. डी स्तंभाचा वेगळा आलेख काढा आणि त्याच्या उभ्या अक्षावर दोनदा क्लिक करून लॉगरिदमिक स्केल निवडा. (या मापावर शून्य मांडता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या गायब असतील.) खडबडीत पण सरळ चढत जाणारी रेषा मिळेल. सरळ रेषेचा अर्थ फरक ठरावीक पटीने वाढतो आहे. आर ४ असताना तो सरासरीने प्रत्येक फेरीत दुप्पट होतो, म्हणजे तीन-सव्वातीन फेऱ्यांत दहापट.

का होतं

वरचे पहिले आकडे पुन्हा पाहा. ०.३ मध्ये दशांशानंतर एक अंक. ०.८४ मध्ये दोन. ०.५३७६ मध्ये चार. ०.९९४३४४९६ मध्ये आठ. अचूक उत्तर लिहायचं तर प्रत्येक फेरीत अंक बरोबर दुप्पट होतात: चौथ्या फेरीत १६, पाचव्यात ३२, दहाव्यात १०२४. पन्नासाव्या फेरीचं अचूक उत्तर लिहायला ११२५ लाख कोटींहून अधिक अंक लागतील.

संगणकाकडे एका संख्येसाठी जागा असते ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी एक जागा). आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाने ती वाटून दिली आहे: एक बिट चिन्हासाठी, ११ घातांकासाठी, ५२ अपूर्णांकी भागासाठी. आपल्या दशमान भाषेत हे पंधरा-सोळा सार्थ अंक झाले. म्हणजे उशिरात उशिरा पाचव्या फेरीपासून संगणक प्रत्येक उत्तराचं शेपूट छाटतो आहे. बी मध्ये तो आधी वजाबाकी करून मग गुणतो, सी मध्ये आधी गुणून मग वजाबाकी करतो. त्यामुळे छाटणी वेगळ्या जागी होते. सोळाव्या अंकाजवळचा तो कणभर फरक दुप्पट होत होत पन्नासेक फेऱ्यांत पहिल्या अंकापर्यंत पोचतो. दोनाचा त्रेपन्नावा घात नऊने सुरू होणारा सोळा अंकी आकडा आहे, तेव्हा हिशोब जुळतो.

मग दोघांतलं बरोबर कोण? कोणीच नाही. पन्नाशीनंतरचे बी आणि सी दोन्ही स्तंभ खऱ्या उत्तरापासून सारखेच भरकटलेले आहेत. इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण आपल्यासमोर पंधरा दशांश स्थळांपर्यंत छापलेला, अतिशय विश्वासार्ह दिसणारा आकडा असतो आणि त्याचा पहिला अंकही खरा नसतो. दुसरा स्तंभ मांडला नसता तर संशयसुद्धा आला नसता. एकच गणित दोन वाटांनी करून पाहण्याची सवय याच कारणासाठी लावून घ्यायची.

लॉरेन्झचा प्रयोग पुन्हा करा

१९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं एक छोटं प्रतिरूप एलजीपी-३० या संगणकावर चालवत होते. एक धाव मधूनच पुन्हा सुरू करायची म्हणून त्यांनी कागदावर छापलेला आकडा भरला: ०.५०६. यंत्राच्या स्मृतीत खरा आकडा होता ०.५०६१२७, छपाईत तीनच दशांश स्थळं येत होती. काही काळानंतर दोन धावांचं हवामान पूर्ण वेगळं निघालं. यातूनच त्यांचा १९६३ चा प्रसिद्ध शोधनिबंध उभा राहिला.

तुमच्या शीटमध्ये हे करायला अर्धा मिनिट लागेल. सी३ मध्ये बी३ सारखंच सूत्र लिहा, फक्त बी२ च्या जागी सी२. ते खाली उतरवा. सी२ मध्ये शून्यं नीट मोजून ०.३००००१ भरा. दहा लाखातला एक भाग फरक विसाव्या फेरीच्या आसपास सगळं उत्तर गिळून टाकतो. आता सुरुवातीची मोजणी हजारपट अधिक अचूक करा, म्हणजे सी२ मध्ये ०.३०००००००१ भरा. हजारपट अचूकतेच्या बदल्यात मिळतात जेमतेम दहा फेऱ्या. लांब मुदतीचा हवामान अंदाज इतका अवघड का असतो याचं गाभ्यातलं उत्तर या दहा फेऱ्यांत आहे.

सुरुवात करताना ०.५ किंवा ०.७५ घेऊ नका. आर ४ असताना ०.५ दोन फेऱ्यांत शून्यावर जाऊन बसतं आणि ०.७५ जागचं हलतच नाही.

आर फिरवून पाहा

आता एफ१ मधला आकडा बदला. प्रत्येक बदलासोबत आलेख लगेच नवा होतो, त्यामुळे इथे वेळ कसा जातो कळत नाही.

आर २.८ केलात तर काही हेलकाव्यांनंतर उत्तर ०.६४२८५७ वर स्थिरावतं, सुरुवात कुठूनही करा. ३.२ वर ते ०.५१३ आणि ०.७९९५ या दोन किमतींमध्ये आळीपाळीने झुलतं. ३.५ वर चार किमती. मग आठ, सोळा अशी दुपटीची रांग लागते आणि ३.५७ च्या जवळ ती संपून अराजक सुरू होतं, म्हणजे किमतींना ठरावीक चक्रच उरत नाही. पण ३.८३ वर थांबून पाहा. भोवताली सगळा गोंधळ असताना तिथे तीनच किमतींचं शिस्तबद्ध चक्र आहे.

जीवशास्त्राकडे वळलेले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये याच समीकरणाकडे लक्ष वेधलं आणि विद्यार्थ्यांना ते लवकर शिकवावं असा आग्रह धरला. त्याच्या थोडं आधी, १९७५ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबाम एचपी-६५ या हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर दुपटींच्या जागा मोजत होते. एका दुपटीपासून पुढच्या दुपटीपर्यंतचं अंतर दर वेळी ठरावीक पटीने आक्रसतं आणि ते गुणोत्तर ४.६६९ कडे जातं, असं त्यांना दिसलं. वेगळं समीकरण घेतलं तरी तोच आकडा! पुढे द्रवांवरच्या प्रत्यक्ष प्रयोगांतही अशी दुपटींची रांग सापडली. तुमच्या समोरचं यंत्र त्या कॅल्क्युलेटरपेक्षा कैकपटींनी समर्थ आहे, हे मला फार उत्साहाचं वाटतं.

२.८ वर असताना दोन रूपांचा प्रयोग परत करून पाहा (सी२ मध्ये ०.३ आणि सी३ चं मूळ सूत्र परत घालून ते खाली उतरवावं लागेल). फरक वाढतच नाही. छाटणी इथेही होते, पण ही प्रणाली चुका विझवते. म्हणून छाटणीला सरसकट घाबरायचं कारण नाही. प्रणाली चुकांचं काय करते हे आधी तपासायचं.

मग विश्वास कशावर ठेवायचा

आर पुन्हा ४ करा, सी मध्ये दुसरं रूप ठेवा आणि ओळी दोन हजारांपर्यंत वाढवा. आता बी आणि सी यांची वेगवेगळी सरासरी काढा. दोन्ही ०.५ च्या जवळ येतील. ‘काउंटइफ’ हे अटीत बसणारी घरं मोजणारं सूत्र वापरून ०.१ पेक्षा लहान किमती किती आहेत ते मोजा: दोन्हीकडे २० टक्क्यांच्या आसपास. ०.४ ते ०.५ या मधल्या पट्ट्यात मात्र फक्त सहा-साडेसहा टक्के. सिद्धांतही हेच सांगतो.

म्हणजे पन्नासाव्या फेरीला नेमकी किंमत काय, या प्रश्नाला या शीटकडे उत्तर नाही. किमती कुठे किती वेळा रेंगाळतात, या प्रश्नाचं उत्तर ती चोख देते. उद्याचा पाऊस आणि एखाद्या प्रदेशाचं हवामान हे वेगळे प्रश्न का आहेत ते इथे कळतं. युरोपातलं मध्यम मुदतीच्या हवामान अंदाजांचं केंद्र १९९२ पासून एकच अंदाज काढण्यावर थांबत नाही. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक धावा चालवल्या जातात आणि त्या किती फाकतात यावरून अंदाजाचा भरवसा ठरतो. तुमचे दोन स्तंभ हे त्याचंच बाळरूप.

स्रोत खुला असल्याचा उपयोग

डी स्तंभात सुरुवातीला शून्यं दिसली होती, तिथे परत येऊ. ती सगळी खरी शून्यं नव्हती. कॅल्कमध्ये =०.१+०.२-०.३ लिहा, उत्तर ०. आता पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडा. लिनक्सवर ती बहुधा असतेच, नाहीतर अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. तिच्यात तेच गणित टाइप करा. उत्तर येतं ५.५५१११५१२३१२५७८३ई-१७, म्हणजे दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५.

दोघांकडे संख्या साठवण्याची पद्धत एकच आहे. दोन संख्या जवळजवळ सारख्या असतील तर वजाबाकीचं उत्तर शून्य द्यायचं, असं कॅल्कमध्ये मुद्दाम ठरवलेलं आहे. हिशोब करणाऱ्याला ते सोयीचं असतं. आपल्या प्रयोगात मात्र त्याने फरकाची पहिली पावलं झाकली. कॅल्कचा स्रोत खुला असल्यामुळे हा नियम कुठे लिहिला आहे आणि ‘जवळजवळ’ म्हणजे नेमकं किती, हे आपण वाचू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं याचं कौतुक खूप होतं. विज्ञानासाठी मला हे दुसरं कारण अधिक मोलाचं वाटतं: उत्तर असं का आलं, याचा माग शेवटपर्यंत काढता येतो.

०.१ मध्ये मुळात अडचण काय? दशमान पद्धतीत एकतृतीयांश जसा ०.३३३… असा संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एकदशांश संपत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानजवळ एक पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा चुकली. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचं आणि एकदशांश २४ बिटांत तोडलेला होता. सलग शंभर तास चालल्यावर चूक सुमारे ०.३४ सेकंदाची झाली होती. येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मरण पावले.

पुढची साधनं

एकदम सगळं बसवू नका. पायथॉन आवडली असेल तर तिच्यात आकडेमोडीसाठी नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब ही जोडसाधनं घ्या, आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये काम करा. सूत्र, आलेख आणि टिपणं एकाच जागी राहतात. गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद १४ सप्टेंबर २०१५ ची. तिची विदा सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यासोबत अशी नोटबुकंही मिळतात. महिनाभराच्या सरावानंतर ती उघडून बघाच. मॅट्रिक्सचं गणित जास्त असेल तर ग्नू ऑक्टेव्ह हा मुक्त प्रोग्रॅम. अचूक अपूर्णांक हवे असतील तर मॅक्झिमा हा बीजगणित करणारा प्रोग्रॅम. तो १/१० आणि २/१० मिळवून ३/१० देतो, काही तोडत नाही.

कुठलंही साधन घ्या, प्रत्येक प्रयोगासोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, सुरुवातीची किंमत आणि सूत्राचं नेमकं रूप लिहून ठेवा. सूत्राचं रूप का, ते तुम्ही पाहिलंच आहे.

एक प्रयोग स्वतःसाठी

नव्या शीटमध्ये बी२ मध्ये ०.१ भरा. बी३ मध्ये =२*बी२-इंट(२*बी२) लिहा; ‘इंट’ संख्येचा पूर्णांक भाग काढून देतं, म्हणजे आपण दुप्पट करून पूर्णांक टाकून देतो आहोत. साठ फेऱ्या खाली उतरवा. कागदावर केलंत तर ०.२, ०.४, ०.८, ०.६ हे चक्र कधीच थांबत नाही. शीटमध्ये आधी तेच दिसतं, मग शेपटाचे अंक बिघडतात, ५२ व्या फेरीला ०.६२५ येतं, पुढे ०.२५, ०.५, आणि ५५ व्या फेरीपासून शून्य, कायमचं.

दुप्पट करणं म्हणजे द्विमान संख्येतले बिट एक घर डावीकडे सरकवणं, आणि पूर्णांक टाकणं म्हणजे बाहेर पडलेला बिट फेकणं. ०.१ च्या साठवलेल्या रूपात शेवटचा १ दशांशचिन्हानंतर पंचावन्नाव्या द्विमान स्थानावर आहे. पंचावन्न फेऱ्यांत सगळे बिट संपतात आणि फेकायला काही उरत नाही. आता सूत्रातल्या दोन्ही २ च्या जागी १.९९९९९९ लिहा आणि ओळी पाचशेपर्यंत वाढवा. या वेळी शून्य येत नाही. गुणाकारात दर फेरीला नव्याने छाटणी होते आणि तीच रिकाम्या झालेल्या जागेत नवे बिट भरत राहते.